कीबोर्ड ओके

"भाऊ, मी काना देते त 'क' येऊन रायला!"

सतरा नंबरवरच्या वनिताताई ओरडल्या, तेव्हा टेस्टचं एक मिनिट संपलं होतं. भंडाऱ्यातल्या सेंटरवर क्लार्क भरतीची मराठी टायपिंग टेस्ट. दहा मिनिटं, एकच संधी. मी तिथला सिस्टीमवाला.

ताई वरठीच्या. सकाळी गेटवरच म्हणाल्या होत्या, "वयात बसाचा हा शेवटचा चान्स हाय, भाऊ. मशीन चांगली देजा."

सतरा नंबर सकाळीच बंद पडलं होतं. मी स्पेअर पीसी लावला, कीबोर्ड जोडला. ड्रायव्हर म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटरमधला दुभाषा. तो विंडोजने आपोआप घेतला. ए टू झेड बटणं दाबली. चेकलिस्टवर लिहिलं, 'कीबोर्ड ओके'. खाली सही.

इंग्रजीत ओके होता हो! पण कुठल्या बटणावर कोणतं अक्षर, ते लेआउट ठरवतो. मराठीत मुख्य लेआउट दोन. जुन्या टाइपरायटरवरून आलेला रेमिंग्टन आणि विंडोजमध्ये असतोच तो इनस्क्रिप्ट. बाकी मशीनवर मी रेमिंग्टन टाकला होता. स्पेअरवर विसरलो, तिथे इनस्क्रिप्टच राहिला. ताईंनी दोन वर्षं रेमिंग्टनवरच बोटं झिजवली होती. त्या 'काम' लिहायच्या, तर 'म' उमटतच नव्हता.

मी पेनड्राइव्ह घेऊन धावलो. सुपरवायझर आडवे आले.

"टेस्ट चालू हाय. मशीनले हात लावाचा नाही."

"सर, चूक माझी हाय. दोन मिनिटांत लेआउट टाकतो."

"अन् टाइमर? तो तू थांबवशील?"

टाइमर सर्व्हरवर, सर्व्हर दुसऱ्या शहरात. हेल्पलाइनवर नुसतं म्युझिक वाजत होतं. ताई एकेक बटण दाबून अक्षर शोधत होत्या. मग थांबल्या. हात मांडीवर ठेवून उरलेला वेळ स्क्रीनकडे बघत बसल्या. डोळ्यांदेखत एका बाईची नोकरी जात होती आणि घालवणारा मी होतो.

चूक कबूल करून, ताईंची टेस्ट परत घ्या, अशी तक्रार मी भरतीच्या ऑफिसला लेखी दिली. महिन्याने उत्तर आलं, तक्रार नामंजूर. कारण, टेस्टपूर्वी कीबोर्ड ओके असल्याची तंत्रज्ञाची सही आहे. सोबत त्या चेकलिस्टची झेरॉक्स.

वरठीला जाऊन ताईंना कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे भाऊ, तुम्ही खरं लिवलं ते कोणी मानलं नाही. अन् खोटं लिवलं ते मानलं?"



आता मी ए टू झेड दाबून सही करत नाही. प्रत्येक मशीनवर आधी मराठीत 'काम' लिहून बघतो. बरोबर उमटतं. ताईंना त्याचा काय उपयोग?