राजेळीचा घड आणि ऑगस्टीनचे पत्रे

गिरीज गावच्या काशिनाथकाकांना कुणी पत्ता विचारला तरी ते आधी आभाळाकडे बघतात. सुकेळी करणाऱ्या माणसाची ती खोड. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर चटया टाकून उन्हात ठेवायची आणि ती सुकून मधाच्या रंगावर येईपर्यंत कावळ्यांशी भांडायचं. काका यंदा हे सगळं सोडणारच होते. पण बोळिंजला दिलेल्या उन्नतीला, त्यांच्या लेकीला, डोहाळे लागले ते नेमके सुकेळ्यांचे. "बाजारातली नकोत हं बाबा. तुमच्या हातची." आणि वाडीत राजेळीचा घड उरला होता एकच.

त्यात शेजारच्या ऑगस्टीनने कौलं उतरवून पत्रे घालायला काढले. पत्रे कापायला त्याच्याकडे जागा नव्हती, तेव्हा काकाच म्हणाले, "आमच्या अंगणाच्या कडेला कापा की. घर काय वेगळं आहे?" मोठ्या मनाचा हा त्रास असतो, मागाहून ते आवरतं घेता येत नाही. कटर लागला की लोखंडाचा चुरा थेट मांडवापर्यंत उडायचा. सोललेलं केळं म्हणजे डिंक. त्यावर बसलेला कण धुऊन निघत नाही. इकडे पेंढ्यात घातलेला घड पिकत चाललेला.

"ऑगस्टीनला सांगा ना, जरा थांब म्हणून," मंदाकाकू म्हणाल्या.

"उघड्या घरात बसलाय तो. कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग बसा आभाळ बघत!"

काकांनी मग आपल्या डोक्याने तोड काढली. गुड फ्रायडेला ऑगस्टीनच्या घरात भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत, हे त्यांना लहानपणापासून माहीत. पुढे लगेच ईस्टर. तेवढ्या दिवसांत केळी वरून सुकली की निम्मं काम झालं. शुक्रवारी उजाडताच त्यांनी अख्खा घड सोलून मांडला.

काकांना ऑगस्टीनचा धर्म पाठ होता, ठेकेदाराचा नव्हता. ऑगस्टीनने ठेकेदाराला एवढंच बजावलं होतं, "ईस्टरला पाहुणे येणार, त्याआधी डोक्यावर पत्रा पाहिजे." गुड फ्रायडेला सुट्टी असते हेही कुणाला सांगावं लागतं, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. तो आणि त्याची बायको सुझान चर्चला गेले आणि कामगार शिडी लावून वर चढले.

खर्रर्र!

काका धावले. "अरे, आज नाही! आज बंद!"

"चाचा, सेठ से बात करो."

ठेकेदाराचा फोन बंद, ऑगस्टीनचाही. काकूंनी केळ्यांवर धुतलेलं धोतर पसरलं. झाकलं तर केळी आंबणार, उघडं ठेवलं तर लोखंड खाणार. काका धोतर उचलायचे, कटर लागला की टाकायचे. दुपार झाली तेव्हा त्यांनी सायकल काढली.

चर्च गच्च भरलेलं, आणि एवढ्या माणसांत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. लोक क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेत सरकत होते. ऑगस्टीन मध्यावर. काका रांगेत त्याच्या मागे घुसले आणि फसलेच. मागे माणसं, दोन्ही बाजूंना बाकं.

"ऑगस्टीन..."

"शू!" सुझान.

"अगं, तुमच्या घरी..."

"शू!" आता मागची म्हातारी.

लोकांनी गुडघे टेकले तसे काकांनीही टेकले. अगदी क्रुसाजवळ पोचल्यावर त्यांनी ऑगस्टीनच्या कानात सांगून टाकलं, "तुझ्या घरावर खिळे ठोकतायत."

ऑगस्टीनचा चेहरा पांढरा पडला. क्रुसाला ओठ लावून तो बाजूच्या दाराने जो पळाला, तो थेट शिडीखाली. कटर बंद झाला. धोतराखालची मधली केळी मात्र आंबली होती. वास लपत नव्हता.

"काशीभाऊ, बघू एक खाऊन," ऑगस्टीन ओशाळून म्हणाला.

"उपास आहे ना तुझा? ठेव ते खाली."

कडेची केळी वाचली. सोमवारपर्यंत काम बंद. म्हणजे ईस्टरचं जेवण ताडपत्रीखाली. काकांना आमंत्रण होतंच. ताडपत्री तापलेली, पाहुणे घामाघूम, आणि सुझान दर घासाला आग्रह करत होती. नाही म्हणायची सोय नव्हती आणि घास उतरत नव्हता.

मंगळवारी परत खर्रर्र. केळी अजून अर्धवटच सुकलेली. काकांनी चटई गुंडाळली, डबे भरले आणि रिक्षा केली बोळिंजला. उन्नतीच्या बाल्कनीत ऊन चांगलं यायचं. कबुतरंही यायची. जन्मभर वाडीत मोकळा फिरलेला माणूस काठी घेऊन दिवसभर ग्रिलच्या आत बसून राहिला. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं हात हलवून "आजोबा, आजोबा" करायची.

"बाबा, झाली का?"

"अजून ऊन लागेल दोन-तीन दिवस."

ती एक उचलायची. "चव बघते फक्त."

चव बघता बघता चटई रिकामी झाली. सुकेळी काही झालीच नाहीत. काका उठले, ग्रिलला अडकलेली काठी सोडवली आणि म्हणाले, "आता सोड मला घरी."