भीमराजचा पाय आणि मंडळाची भिंत

मधुकर परबांच्या घरात टीव्हीच्या बरोबर वर एक फ्रेम केलेलं मानपत्र आहे. बत्तीस वर्षांच्या कबड्डीच्या पंचगिरीत त्यांनी एकही निर्णय मागे घेतला नाही, असं त्यात लिहिलंय. "घरातही नाही," असं त्यांची बायको रत्नप्रभा पाहुण्यांना सांगते आणि चहा ठेवायला आत जाते. परब आज बहात्तर वर्षांचे आहेत. गिरणीच्या संघातून खेळले, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका औषध कंपनीत स्टोअर सांभाळलं, पण शिट्टी सोडली नाही. सकाळी दूध आणायला जातानाही ती खिशात असते.

म्हणून भांडुपच्या नवजीवन क्रीडा मंडळात भिंतीवरून तंटा झाला, तेव्हा सगळे त्यांच्याकडेच आले.

चाळ पाडून टॉवर झाला होता आणि मंडळाला तळमजल्यावर हॉल मिळाला होता. तीन भिंती खिडक्या, दार आणि विजेच्या मीटरांनी खाल्लेल्या. चौथी रिकामी. तिच्यावर जगातला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू रंगवायचं ठरलं. खेळ कुठलाही, देश कुठलाही, पण माणूस एकच. रंगारी रविवारी येणार होता. शनिवार दुपारपर्यंत ग्रुपवर अकराशे मेसेज झाले होते आणि दोघं ग्रुप सोडून गेले होते.

"काका, तुम्ही सांगाल ते फायनल," सेक्रेटरी सुयोग म्हणाला. तो मेस्सीवाला.

परबांना हे वाक्य ऐकून बरं वाटलं. जगातल्या कुठल्याही खेळाडूला मोजायची त्यांची एकच पट्टी होती: हा चढाईला गेला तर परत येईल का? बोल्ट झकास धावेल, पण त्याला सरळ रेषेत धावायची सवय; इथे मागे वळायचं असतं. फेडररचा हात चांगला, पण समोर सात जण असतील तर तो कुणाकडे बघणार? मोहम्मद अलीबद्दल त्यांचं मत बरं होतं. तो बोलत बोलत लढायचा, म्हणजे दम टिकला असता.

शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये तीसेक माणसं जमली. परबांनी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर एक रेषा ओढली आणि नियम सांगितला. ज्याला आपला खेळाडू भिंतीवर हवा असेल त्याने रेषेवर उभं राहून, एका दमात बोलायचं. दम तुटला की बाद. सगळ्यात जास्त वेळ टिकेल त्याची भिंत.

"हा काय नियम, काका?" खजिनदार देवदत्त म्हणाला. तो बँकेत अधिकारी होता आणि सचिनच्या आकड्यांचा कागद घेऊन आला होता. "मुद्द्याला काही किंमत नाही का?"

"मुद्दे अकराशे झाले ना ग्रुपवर? आता दम बघू."

देवदत्तने सुरुवात केली. शंभर शतकांपैकी तो सतराव्या शतकावर होता, तेव्हा चष्मा घसरला, तो सावरताना श्वास घेतला गेला आणि शिट्टी वाजली. एकोणीस सेकंद. सुयोगने मेस्सीचे आठ बॅलन डी'ओर पुरस्कार वर्षांसकट म्हटले, पण वर्ल्डकपला पोचल्यावर त्यालाच हुंदका फुटला. चोवीस.

"रडायचं होतं तर घरी रडायचं ना रे," मागून कुणीतरी म्हणालं.

दीप्ती फिजिओथेरपिस्ट होती आणि रोज प्राणायाम करायची. तिने सेरेना घेतली. तेवीस ग्रँड स्लॅम, त्यातलं एक पोटात पोर असताना, आणि तुमच्यातला एकजण साधा ताप आला तर तीन दिवस पलंगावरून उठत नाही, त्याचं नाव मी घेत नाही पण तो समोर बसलाय. तिचा नवरा खाली बघू लागला. अडतीस सेकंद. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भिंत सेरेनाची झाली, असं सगळ्यांनी धरलं.

तेवढ्यात भीमराज सकपाळ उठला.

भीमराज एकसष्ट वर्षांचा. महापालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडणारा चावीवाला म्हणून निवृत्त झालेला. परब ए विंगमध्ये, तो बी विंगमध्ये. एकतीस वर्षं दोघं बोललेले नाहीत. चौऱ्याण्णवच्या फायनलमध्ये शेवटच्या चढाईत परबांनी त्याला मागच्या रेषेबाहेर पाय गेला म्हणून बाद दिलं होतं. संघ एका गुणाने हरला.

तो रेषेवर उभा राहिला, मांडीवर थाप मारली आणि सुरू झाला. "पाय आत होता पाय आत होता पाय आत होता..."

लोक आधी हसले. मग सुयोगच्या मोबाइलवरचं घड्याळ बघायला लागले. तीस झाले. पस्तिसाला भीमराजच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. चाळिसाव्याला आवाज चिरका झाला, पण शब्द तुटला नाही. बेचाळीसला तो थांबला आणि खुर्चीवर बसला.

"भीमाकाका, खेळाडूचं नाव कुठंय?" दीप्ती म्हणाली. "हे चालणार नाही. पंच, द्या निर्णय."

परबांच्या तोंडात शिट्टी होती. चढाईचा शब्द चुकीचा म्हणून भीमराजला परत पाठवायला कबड्डीत सोय होती. एक फुंकर, आणि मानपत्र होतं तिथे राहिलं असतं. पण त्या फायनलनंतर कोपऱ्यातला झेंडा काढायला ते गेले होते, तेव्हा त्यांनी जमिनीकडे पाहिलं होतं. तिथे दोन रेषा होत्या. दुपारी त्याच मैदानावर बायकांचा सामना झाला होता. बायकांचं मैदान लहान. त्यांची मागची रेषा पुरुषांच्या रेषेच्या अडीच फूट आत होती आणि ती कुणी पुसली नव्हती. भीमराजचा पाय त्या रेषेबाहेर गेला होता. सकाळी झाडू फिरला आणि दोन्ही रेषा गेल्या.

तेव्हा चुकून चूक झाली होती. आता शिट्टी मारली तर समजून उमजून होणार होती. परबांनी शिट्टी तोंडातून काढली.

"नियमात खेळाडूचं नाव घ्यायला हवं असं मी म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "बेचाळीस सेकंद. भिंत भीमराजची. आणि पाय आत होता. मी बायकांची रेषा बघितली."



"कधी कळलं तुम्हाला, पंच?" भीमराजने विचारलं.

"त्याच दिवशी. दहा मिनिटांनी."

"मग बोललात का नाही?"

"निर्णय दिला होता."

भीमराजने यावर थोडा विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला.

रत्नप्रभाने त्याच रात्री मानपत्र उतरवलं. त्याच्यामागची भिंत तेवढीच पांढरी निघाली, म्हणून सकाळी परत लावलं.

रविवारी रंगारी आला. भिंत भीमराजची म्हणजे नक्की काय काढायचं, हे त्याला कुणी नीट सांगू शकेना. शेवटी परब खुर्ची टाकून समोर बसले. दुपारपर्यंत भिंतीवर छातीइतका उंच एक अनवाणी पाय उभा राहिला आणि त्याच्यामागे, अडीच फूट सोडून, पांढरी रेषा. मेस्सीला, सचिनला किंवा सेरेनाला जागा उरली नाही.

संध्याकाळी भीमराज बघायला आला. हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला.

"पंच, हा डावा आहे."

"डावाच होता."

"माझा उजवा होता. माझा पाय मला माहीत नाही?"

"डावा," परब म्हणाले आणि खिशातली शिट्टी चाचपली. "आणि बघ, एक निर्णय मागे घेतला. दुसरा घेणार नाही."