कंपाउंडरांचं सुवासिक तेल

आईच्या दम्याचं औषध आणायला मी शहापूरच्या धर्मादाय दवाखान्यात जायचो, तेव्हाचे ते कंपाउंडर. डोक्यावर केस अगदी मोजके, पण औषधांशेजारी सुवासिक तेलाची बाटली कायम. दर दोन रोग्यांमागे टोपी काढून ते एक थेंब टाळूवर जिरवत. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, "बाटली आणली काय रे?" औषध फुकट होतं; बाटली ज्याची त्याने आणायची. तिच्यावर ते डोस मोजायला खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवत. एका वेळी एका खाचेइतकं औषध प्यायचं.

एकदा डोंगरातल्या पाड्यावरची बाई तापाने फणफणलेली पोर पाठीशी बांधून आली. तिने बांबूचा नळा पुढे केला.

"यात किती उरलं ते दिसायचं नाय गो. पोरीला जास्त गेलं तर? बाटली आण."

"आमचे पाड्यात बाटलीच नाय," म्हणून ती वळली.

"थांब!" कंपाउंडरांनी टोपी काढली आणि सगळं तेल डोक्यावर उपडं केलं. बाटली राखेने घासली, गरम पाण्याने धुतली, औषध भरलं. पट्टी चिकटवताना तेल कानांवरून ओघळत होतं. रांग खदखदून हसली. ते मात्र गंभीर.

पुढच्या आठवड्यात पोर स्वतःच्या पायांनी आली. बाईने तीच बाटली टेबलावर ठेवली, मोहाच्या बियांच्या तेलाने काठोकाठ भरलेली.

"तुझा तेल सांडला ना? हा घे."

कंपाउंडर पहिल्यांदाच हसले. तेवढ्यात तिच्या मागून तिची शेजारीण पुढे झाली. कडेवर मूल, हातात बांबूचा नळा.

कंपाउंडरांनी भरल्या बाटलीकडे एकदा पाहिलं आणि टोपी काढली.