सहा कमी

निघोज्यातल्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी रोज हजेरी झाली की माझ्या वर्गाच्या दारात येतात. पदराला हात पुसत विचारतात, "बाई, किती पोरं?" मी आकडा सांगते. त्या तेवढा तांदूळ मापतात आणि वर एक मूठ टाकतात. "कुनीतरी मागनं येतंच," म्हणतात.

वर्गातली निम्मी मुलं कंपन्यांत कामाला आलेल्यांची आहेत. कोणी परभणीचं, कोणी बिहारचं. परवा वाचनाची तपासणी होती. मराठी अजून नीट वाचता न येणाऱ्या सहा जणांना मी आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या सुट्टी आहे."

"सबकी?" एकीनं विचारलं. मी हो म्हटलं.

तपासणीच्या सकाळी मावशींना मी सहा कमी सांगितली. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि तांदूळ मापायला गेल्या. साहेबांनी वर्गाचं कौतुक केलं. दुपारी खिडकीतून पाहिलं, तर मावशी झाकलेली बादली घेऊन कामगारांच्या खोल्यांकडे चालल्या होत्या. त्या सहा जणांचीही खिचडी त्यांनी शिजवली होती.

काल सहाही मुलं वर्गात होती. मावशी दारात आल्या, पदराला हात पुसले.

"बाई, किती पोरं?" मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, "खरं सांगा."

आकडा मला पाठ होता. तरी मी पहिल्या रांगेपासून मोजायला लागले.