ट्रंकेतला प्रबंध

कुणी विचारलं, "ताई, पीएचडी कुठवर आली?" की त्या उजव्या हाताचं एक बोट वर करायच्या. "एकच चॅप्टर राह्यलं." मी खोलीत राहायला गेले तेव्हा एकच राहिलं होतं आणि दोन वर्षांनीही एकच. आम्ही पोरी पाठीमागं हसायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा कायमचा विद्यार्थी असेल, तर तुम्हीही हसला असाल.

नांदेडला आम्ही संशोधन करणाऱ्या चौघी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. ताई सगळ्यांत मोठ्या. किनवटकडच्या जंगलातल्या गावच्या, आश्रमशाळेत शिकलेल्या. विषय रानभाज्यांचा. मंडईत गेल्या की भाजीवालीलाच शिकवायच्या. "मावशी, तरोटा कवळा असताना तोडायचा. हा तर माझ्यासारखा म्हातारा झाला."

फेलोशिप म्हणजे काय, हे शिरूर अनंतपाळहून येईपर्यंत मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझे वडील, अण्णा, म्हणाले होते, "वरीसभर बघू. न्हाई जमलं तर वापस ये." ताईंनीच मला अर्ज भरायला लावला. शेवटच्या दिवशी नेट कॅफेतल्या चाचांनी हात वर केले.

"बेटा, सर्वर बैठ गया. उद्या या."

"तारीख आजच संपती, चाचा." ताईंनी स्टूल ओढलं. "आम्ही बी बसतो. कोण आधी उठतंय बघू."

चाचांनी हसत चहा मागवला. दिवेलागणीला अर्ज गेला. त्या फेलोशिपवर मी पीएचडी केली आणि आज लातूरच्या एका कॉलेजात शिकवते.

ताईंच्या घरी मात्र फेलोशिप हा शब्दच पोचला नव्हता. पोरीला नांदेडला नोकरी लागली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. ताईंनी कधी दुरुस्त केलं नाही. घर त्यावर चालायचं, धाकट्या बहिणीचं नर्सिंग कॉलेज त्यावर चालायचं. हप्ते वेळेवर कधी यायचे नाहीत. खातं सहा-सहा महिने कोरडं राहिलं की ताई एकदाच जेवायच्या. म्हणायच्या, "आज पोट जड हाय."

एका उन्हाळ्यात घरमालकानं रंग द्यायला काढला. ताईंची ट्रंक सरकवताना झाकण उघडलं. आत टाइप केलेला प्रबंध होता. प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत, संदर्भसूचीसकट. शेवटच्या पानावर त्यांच्या मार्गदर्शक सरांचा लाल शेरा: 'जमा करण्यास हरकत नाही.' खाली दीड वर्षापूर्वीची तारीख.

"ताई, हे तर पूर्ण झालंय!"

"हळू बोल."

"मग जमा का करत न्हाईत?"

त्या पानांच्या कडा जुळवत राहिल्या. "जमा केलं की त्या दिवसापासून फेलोशिप बंद. थकलेले हप्ते बी अडकून पडतील. बहिणीचं शेवटचं वर्ष चालू हाय. तिची फी भरली की दुसऱ्या दिवशी जमा करते."

"आणि नोंदणीची मुदत संपली तर?"

"मागू की वाढवून. देतेत."

सर भेटले की ओरडायचे. "अगं, मी रिटायर झालो की तुला कोण विचारणार?" ताई मान खाली घालून हसायच्या. प्रबंध जमा केला की थकलेले हप्ते अडकतात, हे खरं होतं की नाही कोण जाणे. आम्ही सगळेच तसं म्हणायचो. ऑफिसात जाऊन कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

सर रिटायर झाले. मुदत संपली. त्यानंतर सतरा दिवसांनी हप्ते आले. ताईंनी त्याच दिवशी बहिणीची फी भरली आणि दुसऱ्या दिवशी प्रबंध घेऊन ऑफिस गाठलं. मी सोबत होते. खिडकीतल्या बाबूंनी रजिस्टर उघडून पाहिलं.

"बाई, तुमची नोंदणी रद्द झाली. आता हे मी ठेवू कुठं?"

मुदतवाढीसाठी ताईंनी तीन अर्ज केले. उत्तर एका ओळीचं आलं: विचार करता येणार नाही.

मी लातूरला मुलाखत देऊन परतले, तर त्यांची कॉट मोकळी. फोन लागला नाही. पुढं तो नंबर दुसऱ्याच कुणाचा झाला.

गेल्या वर्षी अण्णांना लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरनं मला निरखून पाहिलं.

"तुम्ही नांदेडला ताईसोबत राहत होत्या ना? मी तिची धाकटी. एकदा आल्ते खोलीवर."

मी तिचा हातच धरला. "ताई कुठं असतात?"

"हैदराबादला. मोठ्या कालेजात हाय न. सुट्टीच भेटत न्हाई. तिचाच फोन येतो कधीमधी." मग ती जवळ सरकली. "मॅडम, ताईला पीएचडी दिली तवा तुम्ही होत्या ना? ती म्हणली, मैत्रिणी होत्या समद्या. माझी परीक्षा होती, मला जमलं न्हाई. फोटो बी न्हाई तिच्यापाशी. कसं झालं, सांगा ना."

अण्णा डोळे उघडून माझ्याकडं पाहत होते. त्यांना सगळं माहीत होतं.

मी सांगू लागले. हॉल गच्च भरला होता. गाऊन लांब होता, एका हातानं उचलून धरावा लागत होता. नाव पुकारलं तेव्हा पायऱ्या एकेक करून चढाव्या लागल्या. तो दिवस माझा होता. जसाच्या तसा मी तिला दिला.

"रडली का ओ ती?"

"हो. खाली उतरल्यावर."

तिनं तोंड फिरवलं. सलाईनचे थेंब मोजले, चाक जरा सैल केलं आणि पुढच्या कॉटकडं गेली.