एअरगनची चौकशी

स्वारगेटहून पलूसला जाणाऱ्या एसटीत शेजारचा म्हातारा घाट ओलांडेपर्यंत एक शब्द बोलला नाही. कातरलेल्या मिशा, ताठ पाठ आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरलेली लांबोडकी पेटी. कंडक्टर म्हणाला, "मामा, वर ठेवा की ती." त्यांनी नुसती मान हलवली.

पेटीचा कोपरा माझ्या मांडीला टोचत होता. जरा वैतागूनच विचारलं, "काय आहे एवढं हिच्यात?"

"एअरगन. जर्मनीला हाय पोरगं, तिकडनं येताना त्यानं दिली. मक्यावर राघू बसत्यात. बायको हुती तवर डबा बडवून हाकलायची."

"मग विमानतळावर अडवलं असेल तुम्हाला."

"व्हय तर!" पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. "बाजूला बसवलं, पेटी उघडली. सायबानं लय इचारलं. फौजंत पलटण कुठली हुती, रान कुठं, घरात कोण कोण असतं, समदं. म्या बी सांगत बसलो. शेवटाला त्योच म्हणला, बाबा, जावा आता."

मी हसलो. ते हसले नाहीत. पेटीवरून तळवा फिरवत राहिले.

"म्हैनाभर पोराकडं हुतो," ते म्हणाले. "तितं कुणी एवढं इचारलं न्हाई, बघा."

कुंडलला ते उतरले. लगेच निघाले नाहीत. पेटी खांद्याला टेकवून खिडकीखाली उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले, माझं आणखी काही विचारायचं राहिलंय का, अशा नजरेने.

मी नुसता हात हलवला.