सहा बायका आणि मोत्या

मालवणच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला आलेल्या तात्यांनी माझ्याशी कमी आणि ड्रायव्हरशीच जास्त गप्पा मारल्या. त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, मग खिडकीशी येऊन मला म्हणाले, "खंयव जा, पयला नाव इचार, मगे काम सांग." मी लाजेने अर्धमेली. अंगात नवीकोरी जीन्स, मांडीवर व्हिसाची फाइल, आणि आमचे वडील ड्रायव्हरच्या बायकामुलांची चौकशी करतायत! अमेरिकेला निघालेल्या मुलीला सांगायला यांना दुसरं काही सुचू नये?

तात्या सरकारी सर्व्हे बोटीवर खलाशी होते. शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, तळ लागला की किती खोल ते "साडेतीन वाव!" असं ओरडायचं आणि साहेबाने तो आकडा लिहून घ्यायचा. छापून आलेल्या नकाशावर नाव साहेबाचं. तात्या त्यातल्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणायचे, "हे माझे." तक्रार कधी केली नाही. चिडायचे ते मीच.

मला मालवण सोडून सव्वीस वर्षं झाली. आता मी ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुन्या नकाशांच्या सेक्शनमध्ये आहे. यंदाचं एक्झिबिशन एका डॅनिश नौदल अधिकाऱ्यावर. भूगोलतज्ज्ञही होते महाशय. पोरवयात नौदलात शिरले, ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर दोन उन्हाळे काढून नकाशे केले, घरी जाऊन पदकं घेतली, बढत्या घेतल्या आणि म्हातारे होऊन अंथरुणात सुखाने वारले. वाटेत दिसेल त्या टेकाडाला आपल्या राजाचं, मंत्र्याचं, नाहीतर मेहुण्याचं नाव देऊन टाकलं. तिथली माणसं त्या टेकाडांना काय म्हणतात, हे विचारायची गरजच वाटली नाही यांना.

त्याच्या डायरीचं भाषांतर मी तीन महिने स्कॅन करत होते. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला तो आवडला होता. पानोपानी पाण्याच्या खोलीचे आकडे बघून तात्या आठवायचे. मग हळूहळू कळत गेलं. त्या बर्फात मोठं जहाज चालेना, म्हणून तो फिरला कातड्याच्या होडीतून, आणि ती होडी वल्हवली तिथल्या सहा बायकांनी. डायरीत त्याच्या कुत्र्याचं नाव आहे. कुत्र्याचं पोट बिघडलं त्यावर अडीच पानं आहेत. बायका म्हणजे नुसत्या 'सहा बायका'. त्यातली एक आजारी पडली, तर 'एक मागे ठेवली, दुसरी घेतली'. संपलं. श्शी! अशी शिसारी आली की हातातला चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

एक्झिबिशनच्या लेबलवर मी लिहिलं, 'या किनाऱ्यावर सहा बायकांनी होडी वल्हवली. त्यांची नावं याने लिहिली नाहीत.' आमची बॉस गोड हसली. "आय लव्ह इट, बट इट्स अ लिटल हेवी," म्हणाली आणि माझ्यादेखत वाक्य डिलीट केलं. हेवी म्हणे. डोंबलाचं हेवी!

थँक्सगिव्हिंगला माझी लेक रेवा बॉथेलहून आली होती. तिच्यासमोर भांडी आपटत मी तोंडाचा पट्टा सोडला. "कुत्र्याचं नाव लिहितो मेला, आणि माणसांची नाही!" तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, व्हॉट वॉज हर नेम? द लेडी हू टुक केअर ऑफ आजोबा?"

"बाई," मी म्हटलं.

"नो, आई. हर नेम."

आई आधीच गेलेली, दादा पुण्याला, मी इथे. तात्यांची शेवटची तीन वर्षं बाईंनी काढली. मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे आणि "बाई, फोन जरा नीट धरा" म्हणायचे. एवढीच माझी पितृसेवा. शेवटी शेवटी तात्या बोलता बोलता मध्येच हाक मारायचे, "शेवंते, गो शेवंते!" आमच्या नात्यात या नावाचं कोणी नाही. दादा म्हणाला, भ्रम होतोय. डॉक्टरांना तसं कळवलं, त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली.

तात्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही छोटीशी स्मरणिका छापली होती. मजकूर माझाच. इथल्या मराठी मंडळातल्या तुमच्यापैकी कितीजणांनी तेव्हा फोन केले होते, वाचून डोळ्यांत पाणी आलं म्हणून. रेवाने विचारल्यावर ती कपाटातून काढली. डॉक्टरांचं नाव आहे, शेजाऱ्यांचं आहे. शेवटपर्यंत दारात बसून राहिलेल्या मोत्या कुत्र्यावर तर अख्खा परिच्छेद आहे. आणि एक ओळ, 'मदतीला एक बाई ठेवली होती.'

ठेवली होती! त्या डॅनिश साहेबाला शिव्या घालणारी मी, आणि लिहिलंय काय, तर हे. स्वतःची इतकी किळस मला उभ्या आयुष्यात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला फोन लावला. "नाव? बाईच म्हणायचो गं आपण. आता काय करायचंय?" त्याच्याकडे नंबर 'तात्या बाई' म्हणून सेव्ह होता. तो घेतला आणि लगेच फिरवला. मी नुसतं हॅलो म्हटलं.

"कोण, वैजू? अमेरिकेची वैजूताय ना?"

वैजू! इथे मी सगळ्यांची वैजयंतीकाकू, नाहीतर ऑफिसातली व्ही. ते घरचं नाव तात्या गेल्यापासून कानावर पडलं नव्हतं. मी कसंबसं विचारलं, "बाई, तुमचं नाव काय हो?"

त्या म्हणाल्या, "शेवंती. तात्या तुमच्या फोनार हाक मारीत ना, ती मीच. तुमका आयकाक येय नाय?"

ऐकू येत होतं. रविवारच्या रविवार, अगदी स्पष्ट.

सोमवारी ते वाक्य लेबलवर परत टाकलं. बॉसला सांगितलं, हे काढायचं असेल तर एक्झिबिशनवरून माझंही नाव काढ. ती 'लेट मी थिंक' म्हणाली आहे, बघू.

मे महिन्यात मालवणला जातेय. आमचं घर बंद आहे, किल्ली दादाकडे. ती मी मागितलेली नाही. शेवंतीताईंचा पत्ता घेतलाय. "तात्या काय काय बोलत, ता हंय येवा, मगे सांगतंय," म्हणाल्या आहेत. मला वैजू म्हणणारं आता दुसरं कोण उरलंय तिथे?